हात कानाला पुरला तेव्हा

एक जून उजाडला की माझा फोन सकाळपासून थरथरत राहतो. शाळेच्या ग्रुपवर केकची चित्रं, फुलांचे गुच्छ आणि ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ यांची रांग लागते. या शुभेच्छा कुणा एकाला नसतात, सगळ्यांना असतात, कारण आमच्या वर्गातल्या सगळ्यांचा वाढदिवस एक जूनलाच येतो. माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचाही त्याच दिवशी. शेजारच्या माजी सरपंचांचाही त्याच दिवशी. परक्या माणसाला वाटावं, येरमाळ्याच्या बायका उन्हाळा सरताना ठरवून बाळंत होत असतील. दरवर्षी ग्रुपवर पहिला निरोप गुरुजींचा असायचा. जोडलेले हात आणि खाली एक ओळ, ‘माझ्या सर्व लेकरांना’. ती ओळ वाचली की मी दातओठ खाते, आणि ते थांबवावं असं मला कधी वाटलं नाही.

माझा जन्म कोजागरीचा. आईचं माहेर जळकोटला, घर हायवेला लागून. त्या दिवसांत कर्नाटकातून तुळजापूरला चालत निघालेली माणसं दारावरून जात असतात. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा घरात आजी एकटीच होती. चालणाऱ्यांतली एक बाई पाणी प्यायला थांबली होती. ती पदर खोचून आत आली, कन्नडमध्ये काहीबाही बोलत तिनं सगळं निभावलं, मला आजीच्या हातात दिलं आणि आपली पिशवी उचलून पुन्हा चालायला लागली. आश्विनातली म्हणून माझं नाव अश्विनी. ही हकीकत आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. फक्त ती कुठं जाऊन नोंदवायची असते हे त्या बाईला ठाऊक नव्हतं आणि आजीलाही.

शाळेत घालायची वेळ आली ती जूनमध्ये. आप्पांचं येरमाळ्याला हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान आहे. ते हात नीट धुऊन, तरी नखांत काळं राहिलेलंच, मला घेऊन गेले. व्हरांड्यात गुरुजी खुर्चीवर बसले होते आणि पोरांची रांग लागली होती. एकेकानं पुढं व्हायचं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. पुरला तर पोरगं सहा वर्षांचं झालं, आत जा. नाही पुरला तर पुढच्या साली या. माझ्या पुढं उभी असलेली मुलगी माझ्याहून मोठी होती, पण अंगानं गिड्डी. तिची बोटं कानाच्या वरच राहिली आणि ती रडत आईच्या मागं गेली. माझे हात जन्मापासून लांब. मी नुसता कान धरला नाही, कानाची पाळी ओढून दाखवली.

‘हिचा तर गालापातूर जायलाय,’ गुरुजी हसून म्हणाले. ‘एक जून.’

आप्पा म्हणाले, ‘गुरुजी, ही कोजागरीची हाय. आजून सहा पुरी न्हाय झाली.’

‘दत्तू, हात कदी खोटं बोलतोय व्हय?’

खुर्चीवर बसलेल्या माणसाशी वाद घालायची सवय आप्पांना नाही. अशा रीतीनं मी जन्मले त्या दिवशी शाळेच्या हिशेबानं चार महिन्यांची होते. यात कुणाला वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडं प्रत्येकाला दोन वयं असतात. एक घरचं, ते खरं. सोयरिकीत, पंचांगात, देवीच्या नवसात तेच चालतं. दुसरं सरकारी, ते दाखल्यावर. दोन्ही वयं एकाच माणसात सुखानं नांदतात. आमचे एक चुलते या एक जूनपायी नोकरीतून वेळेआधी घरी बसले तेव्हा घरात थोडी कुरकुर झाली, आणि पुढच्या पेरणीपर्यंत लोक ते विसरूनही गेले.

गुरुजींच्या स्वतःच्या दोन्ही मुलांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत. थोरल्याची मार्चमधली, धाकट्याची डिसेंबरातली. त्यांचा हात कानाला पुरतो का, हे कुणी बघितलं नाही. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळल्यापासून मी ती जपून ठेवली आहे.

आप्पांच्या दुकानात ट्रकचे जुने बेअरिंग पडलेले असत. गावातली पोरं त्यांच्या गाड्या करत. आप्पांनी मला फळीला बेअरिंग ठोकून, वर टायरच्या ट्यूबचे पट्टे लावून पायांत बांधायची चाकं करून दिली. त्या साली नवा चौपदरी रस्ता तयार होऊन पडला होता, पण अजून वाहनांना उघडला नव्हता. संध्याकाळी त्या काळ्या कुळकुळीत डांबरावर मी आणि चार कुत्री, बाकी कुणी नाही. चाकांचा आवाज इतका की दुकानात बसून आप्पांना कळायचं, मी कुठवर गेले आणि कुठं वळले. आवाज थांबला की ते हातातलं टायर ठेवून रस्त्याकडं बघत उभे राहत.

पुढं धाराशिवला खरे चाकांचे बूट मिळाले, मग जिल्हा, मग राज्य. मग उत्तरेतल्या एका शहरात मावशीकडं राहायला गेले. मावशीचे यजमान फौजेत. त्या शहरात एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फाचं मैदान आहे. पहिल्या दिवशी मी खाली वाकून बर्फाचा वास घेतला. आमच्या येरमाळ्याच्या रसवंतीवर येणाऱ्या लादीला भुशाचा आणि गोणपाटाचा वास असतो. या बर्फाला वासच नव्हता. डांबरावर जे मी मांड्या भरून येईपर्यंत रेटत होते ते इथं नुसतं वजन या पायावरून त्या पायावर टाकलं की होत होतं. कोच मॅडमनी पहिल्याच आठवड्यात माझे दोन्ही हात आडवे पसरून बघितले आणि हिंदीत म्हणाल्या, हे हात देवानं याच कामासाठी दिलेत. माझा हात आपोआप कानाकडं गेला.

आता थोडं नियमांचं सांगते, कारण माझं सगळं घोडं तिथंच अडलं. बर्फावरच्या या खेळात, फिगर स्केटिंगमध्ये, देशात पहिलं येऊन जगाच्या स्पर्धेला जाता येत नाही. आधी किमान गुण मिळवावे लागतात, तेही परदेशातल्या मान्य स्पर्धेत. घरच्या स्पर्धेतले गुण म्हणजे घरच्या जेवणाची तारीफ, बाहेर तिला कोण विचारतो. पंच दोन प्रकारचे गुण देतात. एक उड्या, गिरक्या आणि पायांच्या कामाचे, दुसरे एकूण सादरीकरणाचे. किमान गुण मोजताना फक्त पहिले धरतात. तुम्ही मोरासारखे नाचलात, बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा तिथं उपयोग नाही. छोटा कार्यक्रम आणि मोठा कार्यक्रम, दोन्हींत ती पायरी चढायची. आणि मोजमाप असं बारीक की हवेतली फेरी पाव भागानं कमी पडली तरी कॅमेऱ्यात पाहून खूण करतात. मला ते आवडायचं. कुणीतरी मला नीट मोजत होतं.

त्या वर्षी हिवाळा सरता सरता युरोपातल्या एका लहानशा गावात कुमारांची स्पर्धा होती. मोठा कार्यक्रम संपवून मी गुणांची वाट बघत बाकावर बसले होते, दम छातीत मावत नव्हता. मॅडमनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. पडद्यावर आकडे आले. माझा नंबर खालून मोजण्यासारखा होता. मॅडमनी एकूण बेरजेकडं बघितलंसुद्धा नाही, पहिल्या आकड्याकडं बोट केलं आणि माझ्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. दोन्ही कार्यक्रमांचे किमान गुण पुरे झाले होते. पुढच्या हंगामातल्या कुमारांच्या जागतिक स्पर्धेला ते चालणार होते. एवढे गुण असले की आमच्यासारख्या देशाला एक मुलगी पाठवता येते, आणि तेवढे गुण असलेली मुलगी मी एकटीच होते.

बूट न काढताच मी आप्पांना फोन लावला.

‘पैली आलीस?’

‘न्हाय.’

‘मग?’

‘पुढल्या साली जगाच्या स्पर्धेत उभं राहता येईल, एवढे गुण आले.’

आप्पांच्या मागं कुठल्यातरी ट्रकचा हॉर्न वाजत होता. ‘म्हंजी रस्ता उघडला म्हण की,’ ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मी घरी होते. आजही जून लागला की तोच जून मला सगळ्यात आधी आठवतो. दुकानाच्या पत्र्याखाली तापलेल्या रबराचा वास, शेवटचे आंबट गोड आंबे, मृगाची वाट बघणारी कोरडी ढेकळं, आणि मी दुकानासमोरच्या सावलीत दोरीवरच्या उड्या मारते आहे. येणारेजाणारे विचारायचे, जगाला कवा चाललीस. एक जूनला ग्रुपवर शुभेच्छा आल्या, मीही सवयीनं हात जोडलेलं चित्र पाठवलं. महिना सरत आला तेव्हा मॅडमचा फोन आला. नव्या हंगामाची नावं पाठवायला त्या माझा पासपोर्ट बघत होत्या.

‘तू अठराची म्हणाली होतीस ना?’

‘हो मॅडम. कोजागरीला एकोणीस.’

‘मग इथं एक जून का आहे?’

मी हसले. खरंच हसले. म्हणाले, ‘मॅडम, एक जून तर सगळ्यांचीच असते.’

मॅडम हसल्या नाहीत. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. कुमारांच्या गटात उतरायचं तर हंगाम सुरू होतो त्या एक जुलैच्या आधी एकोणीस पूर्ण झालेली चालत नाहीत. कागदावर मी महिन्याभरापूर्वीच एकोणीस झाले होते. गुरुजींनी आळसानं का होईना, एक जुलै लावली असती तरी मी वाचले असते. फोन ठेवल्यावर मी दोरी गुंडाळली आणि खिळ्याला अडकवली. आप्पांनी विचारलं, काय झालं, तर मला ते नीट सांगताच येईना.

तारीख दुरुस्त करून घ्यायला आप्पा आणि मी कळंबच्या तहसिलीत गेलो. तिथल्या साहेबांना मात्र लगेच कळलं. त्यांचीही तारीख एक जूनच होती. ते म्हणाले, तारीख ज्यांनी लावली त्यांच्याकडून, ती अंदाजानं लावली होती एवढं लिहून आणा, पुढचं आम्ही बघतो. आम्ही दोघं तसेच गुरुजींकडं गेलो. गुरुजी ओट्यावर बाजेवर बसून पेपर वाचत होते. काकूंनी चहा आणला.

आप्पांनी हात जोडले. ‘गुरुजी, तेवढं लिहून द्या. पोरीचं लई मोठं काम आडलंय.’

‘म्हंजी मी खोटी तारीख लावली असं मीच लिहून देऊ? आख्ख्या नोकरीत एक डाग न्हाय माझ्यावर, दत्तू. तुला दिलं की उद्या सगळं गाव दारात उभं राहील.’

‘आप्पांनी तवाच सांगितलं होतं तुम्हांला,’ मी म्हणाले. ‘मी कोजागरीची.’

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज मायेचाच होता, तेच मला जास्त झोंबलं. ‘पोरी, तुझा हात पुरला व्हता. सगळ्यांनी बघितलंय. आन बर्फावर घसरायचंच हाय ना? आवंदा न्हाय तर पुढं कवातरी घसर. तारखंपायी कुणाचं काय आडलंय आजवर?’

मी चहाला हात लावला नाही. आप्पांनी माझाही चहा पिऊन टाकला, कारण कप तसाच टाकून उठणं बरं दिसलं नसतं.

पुढच्या मार्चमध्ये ती स्पर्धा झाली. मी मावशीच्या घरी फोनवर बघितली. एक मुलगी दुसऱ्याच उडीला आपटली, उठली, पुढचं सगळं धीरानं पुरं केलं. तिला जे येत होतं ते मलाही येत होतं, आणि तिच्या गिरक्या माझ्याइतक्या चांगल्या नव्हत्या, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. माझी जागा दुसऱ्या कुणी घेतली असती तर मी तिच्यावर तरी जळले असते. पण ती जागा कुणी घेतलीच नाही. आपल्या देशाचं नाव त्या यादीत आलंच नाही.

आई म्हणते, ‘सोड गं आता. म्हातारं माणूस हाय. त्यांनी काय मुद्दाम केलं व्हय?’ मावशी म्हणते, राग धरला की आपलंच रक्त आटतं. माझं तर काही आटलं नाही. बर्फावर आपटले की मी गुरुजींचा चेहरा डोळ्यांपुढं आणते, गुडघा चटकन सरळ होतो. पहाटे पाय बाहेर काढवत नाहीत अशा थंडीत ‘पुढं कवातरी घसर’ हे शब्द आठवते आणि अंथरूण फेकते. मुद्दाम केलं नाही, हे मला मान्य आहे. शाळेतल्या दिवशी मुद्दाम केलं नाही. ओट्यावरच्या दिवशी केलं. एक ओळ लिहायची होती आणि त्यांना स्वतःचं नाव माझ्यापेक्षा मोठं वाटलं. मी मनातल्या मनात त्यांना किती वेळा रांगेत उभं केलंय. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी ते बँकेत जातात, आणि खिडकीतला बाबू म्हणतो, गुरुजी, आधी हात कानाला लावा. कधी तो बाबू मी असते.

आता मी मोठ्यांच्या गटात आहे. तिथली किमान गुणांची पायरी बरीच उंच. छोट्या कार्यक्रमाचे गुण मी मिळवले, मोठ्याचे अजून मिळत नाहीत. गेल्या वेळी थोडक्यात हुकले, शेवटच्या उडीची फेरी पाव भागानं कमी भरली. त्याचा मला राग नाही. ती खरंच कमी होती.

यंदा चैत्रात, येडेश्वरीच्या यात्रेची गर्दी पांगल्यावर, गुरुजींची सत्तरी झाली. गावानं शाळेपुढं मांडव घातला. मी सुट्टीवर घरी होते, तर मंडळी बोलवायला आली. आंतरराष्ट्रीय खेळाडू, गुरुजींची विद्यार्थिनी, दोन शब्द बोलावेत. आईनं माझ्या तोंडाकडं बघून डोळ्यांनीच नको म्हटलं. मी हो म्हटलं आणि चांगली जरीची साडी नेसून गेले.

मांडव भरला होता. सूत्रसंचालकानं गुरुजींचा जन्म वाचून दाखवला. तारीख, तिथी, नक्षत्र, सूर्योदयानंतर किती घटकांनी, सगळं. समोर बसलेल्या शेदोनशे एक जूनच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा मागं, खांबाला टेकून उभे होते. माझं नाव पुकारलं. मी गुरुजींच्या पाया पडले, माईक घेतला आणि आधी त्यांची मनापासून स्तुती केली. अक्षर कसं सुंदर, पाढे कसे पाठ करून घेतले. ते सगळं खरंच होतं. मग म्हणाले, ‘पण गुरुजींची शिस्त लई कडक. वय मोजल्याबिगर कुणाला आत घेत न्हवते. आज गुरुजी सत्तरीचे झाले म्हणतेत. आपण त्यांच्याच पद्धतीनं मोजून घेऊ.’

मांडवात हशा पिकला. गुरुजीही हसले. त्यांना ते कौतुकच वाटलं. मी म्हणाले, फेटा आडवा येतोय. त्यांनी आपल्याच हातानं फेटा काढून मांडीवर ठेवला आणि उजवा हात वर नेला. हात कपाळापर्यंत गेला आणि अडला. त्यांनी तोंड वाकडं करून पुन्हा नेटानं वर नेला. बोटं टाळूवर येऊन थांबली, थरथरायला लागली. पोरं शिट्ट्या मारत होती. मी माईक त्यांच्या तोंडाशी धरून उभी होते.

‘पुरंना, गुरुजी,’ मी म्हणाले. ‘म्हंजी तुमची सहा पुरी न्हाय झाली आजून. सत्तरीचा सत्कार कसा करावा? पुढल्या साली या.’

हशा आणखी वाढला, आणि तेव्हा गुरुजींचा चेहरा बदलला. त्यांनी हात झटक्यात खाली आणला, खांदा चोळला आणि चिडून म्हणाले, ‘काय तमाशा लावलास? खांदा धरलाय माझा. हात पुरंना म्हणून वय कमी व्हतंय व्हय? हातावरनं कुटं वय कळत असतंय?’

माईक चालू होता. ते वाक्य शाळेच्या भिंतीपर्यंत जाऊन आलं. हसणं एकदम थांबलं. मांडवात नोकरीतून लवकर घरी बसलेले होते, भरतीत वय गेलं म्हणून परत आलेले होते, पुढच्या साली ये म्हणून रडत गेलेली ती गिड्डी मुलगीही होती, कडेवर पोरगं घेऊन. गुरुजींना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यांनी फेटा उचलला आणि तो डोक्यावर ठेवावा की नको, हे त्यांना सुचेना.

मागून आप्पांचा आवाज आला. मोठा नव्हता, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला.

‘आता तेवढं लिहून द्या, गुरुजी.’

लिहून दिलं तरी आता त्याचा उपयोग नाही, हे आप्पांनाही माहीत होतं. गुरुजींनी काही लिहिलं नाही. ते मान खाली घालून बसले, सूत्रसंचालकानं घाईनं नारळ पुढं केला आणि कार्यक्रम उरकला. त्यांचा तो थरथरता हात बघून मला वाईट वाटायला हवं होतं, असं आई अजून म्हणते. मला वाटलं नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

एका पोरानं ते सगळं फोनवर घेतलं होतं. मी त्याच्याकडून मागून घेतलं. आता एक जुलैला नवा हंगाम सुरू होईल, मला परत जायचं आहे, मोठ्या कार्यक्रमाचे गुण अजून बाकी आहेत. यंदा एक जूनला ग्रुपवर गुरुजींचा निरोप आला नाही. ऊन चढेपर्यंत सगळे वाट बघत होते, सुरुवात करायला कुणी धजेना. मग पहिला निरोप मी पाठवला. तो व्हिडिओ, आणि खाली एक ओळ, ‘गुरुजींच्या सर्व लेकरांना’.